पाठीवरचे डोळे आणि बारा आकडी नंबर

आलापल्लीत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, जातीचा दाखला, आधारमधली दुरुस्ती, रेशनकार्डाची केवायसी, पोलीस भरतीचे फॉर्म ही रोजची कामं. पेटंटचा कागद कधी हातात येईल असं वाटलं नव्हतं. तो आला आणि तोही घरातूनच आला. त्या भानगडीत बहिणीच्या घरचे पैसे गेले, मनस्ताप झाला, आणि बरंच काही कळलं. आपल्या भागात डोकेबाज पोरं कमी नाहीत. वेल्डिंगच्या दुकानात, शेतात, मोटार रिवाइंडिंगच्या टपरीत काही ना काही जुळवत बसलेली असतात. त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

मुळात सगळं सुरू झालं माझ्या वाचनामुळे. पावसाळ्यात आमच्याकडे नेट जातं, उन्हाळ्यात लाइट जाते, आणि दोन्ही असले तर सर्व्हर बंद असतो. लोक एटापल्ली, भामरागड, मुलचेऱ्याहून बस पकडून आलेले असतात. त्यांना परत कसं पाठवणार? मग बाकावर गप्पा रंगतात. मला विज्ञानाच्या विचित्र बातम्या वाचायचा नाद आहे. त्या मी मोठ्याने वाचून दाखवते. त्यावर जी मतं पडतात ती बातमीपेक्षा भारी असतात.

ऑस्ट्रेलियात २००१ साली जॉन किओ नावाच्या वकिलाने चक्क चाकाचं पेटंट घेतलं होतं. तिथे तेव्हा झटपट पेटंटची नवी पद्धत नुकतीच सुरू झाली होती. तिच्यात अर्ज कोणी नीट तपासतच नाही हे त्याला दाखवून द्यायचं होतं. त्याच वर्षी त्याला आणि तिथल्या पेटंट कार्यालयाला मिळून इग नोबेल दिलं गेलं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांना हा पुरस्कार मिळतो. हे ऐकून बाकावरचे एक काकाजी म्हणाले, “मंग आमच्या बंडीच्या चाकाचे पैसे त्याले द्या लागन का?” अमेरिकेत २००२ मध्ये एका लहान मुलाच्या नावावर झोक्यावर आडवं झुलण्याच्या पद्धतीचं पेटंट निघालं. मुलाचा बाप पेटंट वकील होता. पुढे ते रद्द झालं. त्यावर एक आजी एवढंच म्हणाली, “पोरगं झुलले ना? मंग झालं.”

हत्तीची बातमी सगळ्यांना आवडली, कारण कमलापूरचा हत्ती कॅम्प आमच्याच तालुक्यातला. केरळ कृषी विद्यापीठातल्या श्रीकुमार आणि निर्मलन या दोघांनी भारतीय हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ काढायचं गणित मांडलं. हत्तीची उंची आणि पुढच्या पायाचा घेर मोजला की अंदाज येतो. त्यांना २००२ चं गणिताचं इग नोबेल मिळालं. “हत्ती मोजून काय करते जी?” असं एकाने विचारलं. जनावराच्या अंगातून उष्णता किती बाहेर जाते, औषध किती द्यायचं, अशा हिशोबांना ते माप लागतं. मला तरी ते काम अजिबात वेडगळ वाटत नाही. अख्ख्या हत्तीला टेप गुंडाळायची पाळी आली तर माहुताचं काय होईल, याचा विचार करा.

अशीच एक बातमी गायींची होती. आफ्रिकेत बोट्सवाना देशात ओकावांगो नावाचा पाणथळ प्रदेश आहे. तिथे सिंह गुरं मारतात. संशोधकांनी काही गायींच्या ढुंगणावर मोठे डोळे रंगवले. काहींवर नुसत्या फुल्या मारल्या आणि काही तशाच सोडल्या. चौदा कळप आणि चार वर्षांचं काम. डोळे रंगवलेल्या ६८३ गायींपैकी एकही सिंहाने मारली नाही. फुल्यांच्या ५४३ पैकी ४ गेल्या आणि कोऱ्या ८३५ पैकी १५ गेल्या. २०२० मध्ये हा अभ्यास छापून आला. सिंह आणि बिबटे लपत छपत येऊन मागून झडप घालतात. आपण दिसलो असं वाटलं की बेत सोडून देतात, अशी त्यामागची समजूत.

ही बातमी वाचली तेव्हा माझा भाचा दुकानात प्रिंटरची वायर बदलत होता. मोठ्या बहिणीचा मुलगा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालेला, मोटारी आणि पंखे दुरुस्त करतो. तो तेव्हा काहीच बोलला नाही.

त्याच्या डोक्यात त्याची आजी होती. ताईच्या सासूबाई अजून मोहफूल वेचायला जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात. जनावरांच्या आधी पोचायचं असतं, म्हणून बाया अंधारातच निघतात. मग झाडाखाली तासन् तास वाकून नाही तर उकिडवं बसून वेचणं. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात वाघाचा वावर वाढला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात तर बोलायलाच नको. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बसलेला, वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं, असं वनखात्याचे लोक पुन्हा पुन्हा सांगतात.

तर त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या मोहाच्या हंगामात, भाच्याने आजीसाठी टोपी बनवली. जुनी क्रिकेटची टोपी, तिला मागे प्लायवूडचा पातळ तुकडा, त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन डोळे. बुबुळाच्या जागी पिवळं रेडियम, ट्रकच्या मागे चिकटवतात ते. बॅटरीचा उजेड पडला की डोळे चमकायचे. मला कौतुक वाटलं.

दुकानात मुलचेऱ्याकडचे एक बंगाली काका आले होते. तिकडे बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बरीच गावं वसली आहेत. त्यांनी टोपी हातात घेतली आणि म्हणाले, “ये तो पुराना है. हमारे सुंदरबन में मधवाले लोग मुखवटा पहनते थे.” मी शोधून पाहिलं तर खरंच निघालं. १९८६ च्या सुमारास सुंदरबनात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्यांना डोक्यामागे घालायचे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे वाटले होते. पहिली काही वर्षं मुखवटा घातलेल्यांवर हल्ले झाले नाहीत, अशा बातम्या जगभर छापून आल्या होत्या. ही माहिती पुढे फार उपयोगी पडली. काकांचे मी आजही आभार मानते.

टोपी आजीच्या डोक्यावर चढली आणि पहिल्याच सकाळी नापास झाली. आजी वाकली की टोपीवरचे डोळे थेट वर. “हे आभायाकडे पाहून रायले रे,” आजी म्हणाली, “वाघ का झाडावरून पडते?” सुंदरबनातला मधवाला बहुतेक वेळ उभा असतो, चालतो. मोह वेचणारी बाई वाकलेली असते. शिवाय परत येताना डोक्यावर चुंबळ आणि त्यावर टोपलं. टोपी त्याखाली दडपून जाते. म्हणजे एका जंगलातला उपाय दुसऱ्या जंगलात उचलून चालत नाही, तिथे काम कसं करतात ते आधी बघावं लागतं.

भाच्याने मग गायीच्या हिशोबाने विचार केला. गायीला डोळे मागे रंगवले होते, मानेवर नव्हते. बाई वाकते तेव्हा मागच्या बाजूला तिची कंबर आणि त्याखालचा भाग असतो. पण तसं सांगितल्यावर वेचायला जाणाऱ्या सगळ्या बाया खवळल्या. “कमरेखाली डोळे लावून गावातून जाऊ का आम्ही?” त्यांचं बरोबरच होतं. शेवटी तडजोड अशी निघाली. बिनबाह्यांचं जॅकेट, पाठीवर खांद्यांच्या मध्ये एक जोडी डोळे, आणि खाली दुमडून बटणाने लावलेला एक पट्टा. गावातून जाताना पट्टा वर दुमडलेला. जंगलात पोचल्यावर बटण काढायचं की तो कमरेवरून खाली लोंबतो आणि त्यावर दुसरी जोडी. जुन्या छत्र्यांचं कापड वापरलं, हलकं आणि लवकर वाळणारं. प्रत्येक डोळा वीतभर रुंद. आधी काळ्यावर पिवळा करून पाहिला, तो पळसाच्या पानासारखा दिसायचा. मग पांढऱ्यावर काळा ठेवला.

सातआठ बायांनी त्या हंगामात ते घातलं. कोणावर हल्ला झाला नाही. इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण पुढे यावरूनच गैरसमज झाले. हल्ला झाला नाही म्हणजे जॅकेट चाललं असं होत नाही. आमच्या बाया त्या हंगामात जॅकेटशिवायही सुखरूप परत आल्या असत्या, कदाचित. बोट्सवानात कोऱ्या गायी आणि फुल्यांच्या गायी मुद्दाम वेगळ्या मोजल्या होत्या. म्हणूनच त्या आकड्यांना किंमत आहे. आम्ही काहीच मोजलं नव्हतं, आणि माणसांवर असा प्रयोग कोण करणार?

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला रात्री आठवून अस्वस्थ करायची. कळपात डोळे नसलेल्या गायीही होत्या. सगळ्याच गायींना डोळे रंगवले तर सिंह काय करील, हे त्यावरून कळत नाही. सिंह डोळेवाली सोडून बिनडोळ्यांची गाय धरत असेल, तर? गायींच्या बाबतीत हा नुसता प्रश्न आहे. आमच्याकडे तो जॅकेट न मिळालेल्या बाईचा प्रश्न होता. मी भाच्याला म्हटलं, द्यायचं तर टोळीतल्या सगळ्यांना दे, नाही तर कोणालाच नको. त्याने उरलेल्या बायांसाठी रात्री बसून जॅकेटं शिवून घेतली.

दरम्यान कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. आजी वाकलेली, मागे मोठे डोळे, वर विनोदी गाणं. तो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत पार नागपूर-पुण्यापर्यंत गेला. मग एका मोठ्या शहरातून भाऊजींना फोन आला. बोलणाऱ्याने आपण पेटंट सल्लागार असल्याचं सांगितलं. मुलाने जगात कोणी केलं नाही असं काहीतरी केलंय, उद्या एखादी कंपनी चोरून नेईल, आजच पेटंट घ्या. खर्च चाळीस हजार, तीन हप्त्यांत.

भाऊजी मूळचे नागभीडकडचे. तिथल्या माणसाला ‘चोरून नेईल’ म्हटलं की दादाजी खोब्रागडे आठवतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये त्यांना आपल्या शेतात पटेल-३ धानामध्ये काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वेगळ्या पेरून, वर्षानुवर्षं त्यांनी एक बारीक तांदळाचं वाण तयार केलं. तेव्हा एचएमटीची मनगटी घड्याळं जोरात होती, त्यावरून बाजारात त्याचं नाव एचएमटी पडलं. पुढे ते वाण कृषी विद्यापीठाकडून शुद्ध होऊन ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून आलं. आपलं श्रेय गेलं ही दादाजींची खंत सगळ्या विदर्भाला माहीत होती. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती कलामांच्या हस्ते मिळाला. एचएमटी देशभर खाल्ला जातो, पण दादाजींचे हाल शेवटपर्यंत सरले नाहीत. ३ जून २०१८ ला ते गेले. भाऊजींनी त्यांना पाहिलेलं होतं. “आपल्या पोराचं तसं नको व्हायले,” म्हणून त्यांनी मला न विचारता पहिला हप्ता, पंधरा हजार, पाठवून दिला. मी त्यांना दोष देत नाही. बापाला असंच वाटणार.

दिवाळीच्या आधी कुरियरने एक जाड कागद आला. सोनेरी किनार, लाल शिक्का, इंग्रजी मजकूर. भाऊजींनी तो फ्रेम करून घेतला. चौकात सत्काराचं ठरू लागलं. ताईने तो फ्रेमसकट माझ्या दुकानात आणला, कलर झेरॉक्स काढायला. तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला.

त्यावर एक बारा आकडी नंबर होता. २०२४२१ ने सुरू होणारा. रोज बारा आकडी आधार नंबर पाहणाऱ्या माणसाला असे नंबर उलगडायची खोड असते. शोधल्यावर कळलं ते असं. पहिले चार आकडे वर्षाचे. पाचवा आकडा कार्यालयाचा, २ म्हणजे मुंबई. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयातच जातात. सहावा आकडा अर्जाच्या प्रकाराचा. उरलेले सहा अनुक्रमाचे. म्हणजे हा अर्जाचा नंबर होता. मंजूर झालेल्या पेटंटचा नंबर वेगळा असतो, सध्या तो नुसता सहा आकडी आहे. सोनेरी कागदावर ‘पेटंट मिळालं’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ‘अर्ज दाखल झाल्याबद्दल अभिनंदन’ असं होतं. तो कागद सल्लागाराने स्वतःच छापला होता, सरकारी नव्हताच.

मी सल्लागाराकडे सरकारी पावती आणि भरलेले फॉर्म मागितले. आधी टाळाटाळ, मग पीडीएफ आली. पावती १,६०० रुपयांची होती. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर एवढीच फी लागते. अर्जासोबतचं वर्णन जेमतेम दोन पानांचं, तात्पुरतं. असा तात्पुरता अर्ज दिला की बारा महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावं लागतं, नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. हे भाऊजींना कोणी सांगितलंच नव्हतं. वर्णन वाचून तर मी कपाळावर हात मारला. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं, वन्यप्राणी ओळखणारं परिधान’. आमच्या जॅकेटला साधा सेलही नाही! आणि फॉर्म एकमध्ये शोधक म्हणून भाच्याच्या नावाखाली आणखी दोन नावं. आम्ही कोणीही त्यांना ओळखत नाही.

भाचा त्या दिवशी जेवला नाही. पैशांपेक्षा त्या दोन नावांचं त्याला जास्त लागलं.

पुढचे हप्ते आम्ही थांबवले. पहिला परत मिळाला नाही. फोन उचलणं बंद झालं. पेटंट एजंट व्हायला सरकारी परीक्षा द्यावी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते. त्या यादीत या सल्लागाराचं नाव नव्हतं.

त्यानंतर मी जरा हट्टालाच पेटले. नागपूरला केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. पेटंट माहिती प्रणाली तर तिथे १९७५ पासून आहे. २०२१ च्या डिसेंबरपासून सरकारने मोफत जनजागृतीचे वर्ग सुरू केले, त्यातला एक मी ऑनलाइन केला. पेटंट कार्यालयाचा जर्नलही दर शुक्रवारी निघतो आणि फुकट वाचता येतो. मी अजून चाळते. सर्व्हर बंद असताना वेळ छान जातो. काही अर्ज खरोखर अचंबित करणारे असतात. काहींमध्ये एका साध्या डब्याला दहा-दहा प्राध्यापक शोधक असतात आणि प्रत्येक गोष्टीला ‘स्मार्ट’ जोडलेलं असतं. आमच्या जॅकेटचा अर्ज त्यात अगदी शोभून दिसला असता.

या सगळ्या वाचनानंतर मी भाच्याला समोर बसवून सांगितलं की पेटंट मिळणार नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे. पेटंटसाठी गोष्ट जगात कुठेही आधी जाहीर झालेली नसावी लागते. डोळ्यांनी वाघाला फसवण्याची कल्पना सुंदरबनात जुनी, गायींवर ती छापून आलेली. आमचा स्वतःचा व्हिडिओ अर्जाच्या कितीतरी आधी गावभर फिरलेला, तोही आमच्याच विरुद्ध पुरावा. दुमडायचा पट्टा तेवढा आपला. पण भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये काय काय चालत नाही याची यादीच आहे. त्यात माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र मांडणं येतं. शेतीची पद्धत, झाडं आणि प्राणी, परंपरागत ज्ञान हेही येतं.

ही परंपरागत ज्ञानाची बाब मला मनापासून पटते. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक. त्यांच्या संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून लावला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हळद आपल्या आजीची म्हणून आपण भांडलो. मग सुंदरबनाचा मुखवटा आपल्या नावावर कसा करायचा? भाच्याला हे लगेच पटलं. भाऊजींना वेळ लागला.

भाऊजींना एक गोष्ट मात्र उलगडून सांगितली. दादाजींचं दुःख पेटंटने सुटणारं नव्हतंच. बियाण्याला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी स्वतःच्या नावावर करता येते आणि त्याला नोंदणीची फी नाही. १९८३ मध्ये हा कायदा नव्हता. आज कोणाच्या बांधीत वेगळी लोंबी दिसली तर त्याने हा रस्ता धरावा.

बारा महिने उलटले आणि अर्ज आपोआप संपला. जॅकेटची माहिती आणि फोटो आम्ही नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे पाठवून ठेवले आहेत. गुजरातमधली ही संस्था गावातल्या शोधकांच्या कल्पना नोंदवते आणि योग्य वाटल्यास पेटंटचा खर्चही उचलते. पैसे भरण्याआधी तिथे विचारणं केव्हाही बरं.

आता वाघाचं. पुढच्या हंगामात बायांच्या टोळीने जे बदल केले त्यात डोळ्यांचा वाटा कमी आहे. उजाडल्याशिवाय निघायचं नाही. एकटीने झाड धरायचं नाही. चौघी वेचत असतील तर पाचवी उभी राहून बोलत राहील. आणि झाडाखाली जाळी. हिरवी शेडनेट अंथरली की फुलं त्यावर पडतात, गोळा करून टोपल्यात ओतायची. माती लागत नाही, भाव बरा मिळतो आणि वाकून बसण्याचा वेळ खूप कमी होतो. मला विचाराल तर जॅकेटपेक्षा जाळी भारी. आजी दोन्ही वापरते, म्हणते, “वाघाले दिसो का न दिसो, पाठ तरी झाकते.”

जॅकेटं मात्र खपतात, पण भलत्याच गिऱ्हाइकाला. रात्री सायकलने आणि मोटारसायकलने येणारी पोरं ती घेऊन जातात. आमच्या रस्त्यावर जड ट्रकांची रांग असते. टोपीसारखंच पाठीवर रेडियम लावलं की ते ड्रायव्हरला लांबून दिसतं. दुमडायचा पट्टा ते मागत नाहीत, म्हणून भाच्याने त्यांच्यासाठी बिनपट्ट्याचं काढलं. किंमत साडेतीनशे रुपये.

तुमच्या घरात कोणी काही नवीन बनवलं असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत त्याचा व्हिडिओ कोणाला देऊ नका आणि प्रदर्शनातही मांडू नका. कोणी पेटंट काढून देतो म्हणाला तर त्याचं नाव एजंटांच्या यादीत बघा, सरकारी पावती मागा, आणि फॉर्म एकवर शोधक म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ती सही करण्याआधी वाचा. इंग्रजीची अडचण असेल तर कागद माझ्या दुकानात आणा. वाचून सांगायचे पैसे मी घेत नाही, झेरॉक्सचे तेवढे घेते.